वहीतला ‘फायनली’

मेट्रनबाईंनी सकाळीच धाकटीला केबिनमध्ये बोलावलं. वॉर्डातली सगळ्यात नवी नर्स म्हणून तिला सगळे धाकटीच म्हणत. टेबलावर ड्यूटीची वही उघडी होती. शिफ्ट बदलताना प्रत्येक पेशंटबद्दल इंग्रजीत एक ओळ लिहायची, असा इथला नियम. चार नंबरच्या खाटेवरच्या आजोबांपुढे तिने लिहिलं होतं, की ते दुपारी दोन वाजता फायनली गेले. आजोबांची मुलगी कागदपत्रं न्यायला आली, तिने ती ओळ वाचली आणि तडक तक्रार केली. आता ती सुजलेल्या डोळ्यांनी समोरच बसली होती.

“फायनली म्हणजे काय, कळतं का गं तुला?” मेट्रनबाई म्हणाल्या. “वाट बघून बघून जीव मेटाकुटीला आला आणि ते एकदाचं झालं, की म्हणतात फायनली. माणूस गेल्यावर नाही!”

बाई मनाने वाईट नव्हत्या. धाकटीने आपलं इंग्रजी कच्चं आहे, चुकून लिहिलं, एवढं लिहून दिलं की नोकरी वाचणार होती. इतक्या खटपटीने मिळालेली नोकरी, घालवून कसं चालेल? तिने मुकाट्याने पेन उचललं.

पण आजोबांचे ते एकवीस दिवस काही केल्या डोळ्यांपुढून हलेनात. नुसता हात लागला तरी ते कळवळायचे. कूस बदलताना रोज विचारायचे, “अजून किती गं पोरी?” शेवटी शेवटी तीही देवाकडे तेच मागायला लागली होती.

“शब्द मला कळतो, मॅडम,” तिने पेन खाली ठेवलं. “कळूनच लिहिला. ते वाट बघत होते. मीसुद्धा.”

मेट्रनबाईंनी कपाळाला हात लावला. आता मुलगी अंगावर येणार, असंच दोघींना वाटलं. ती मात्र जागची हलली नाही.

“फोन आला तेव्हा मीही हेच म्हणाले,” ती हळूच म्हणाली. “एकदाचं झालं, म्हणाले. माझ्या मुलांनी ऐकलं. आता हे कागदावर नको हो, सिस्टर. चुकून लिहिलं म्हणा ना.”

धाकटीला तिचा राग आला आणि कीवही आली. तिने कागद पुढे ओढला आणि आपल्याला इंग्रजी धड येत नाही, असं स्वच्छ, बिनचूक इंग्रजीत लिहून दिलं.