वरील मजकूर

"लिहा ताई, या चौकशीत मी दिलेलं एकूण एक विधान खोटं आहे. संपलं."

कचेरीच्या व्हरांड्यात एकवीस वर्षे प्रतिज्ञापत्रे टंकित करणाऱ्या बाईंनी ते वाक्य उतरवले. समोर पंपघराचा मेकॅनिक उभा होता. व्हॉल्व्ह उघडा ठेवून त्याने पंपघर बुडवले होते आणि चौकशीत बोट दाखवले होते ते दाजींकडे, सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याकडे. चार वाजता दाजींच्या बडतर्फीवर साहेबांची सही होणार होती.

सवयीप्रमाणे बाईंनी शेवटची ओळ जोडली: 'वरील मजकूर खरा आहे.' मग कागद वाचला आणि त्यांचा हात थांबला.

"हे विधानही याच चौकशीत देताय ना?"

"मग?"

"मग तुमच्याच म्हणण्याप्रमाणे हेही खोटं. आणि 'सगळं खोटं' हेच खोटं असेल, तर तुम्ही काहीतरी खरं बोललात. साहेब म्हणतील, दाजींवरचा आरोपच तेवढा खरा असेल."

मेकॅनिक मटकन बाकावर बसला. "आयला! खोटं बोलताना कसं घडाघडा निघालं होतं. खरं बोलायला आलो, तर कागदच उलटला!"

"स्वतःलाच खोटं म्हणणारा कागद, भाऊ. त्याचा पाय कुठेच टेकत नाही."

बाईंनी नवा कागद चढवला. 'नऊ तारखेच्या जबाबात मी दाजींविषयी केलेले विधान खोटे आहे.' आता हे वाक्य वेगळे उभे राहून दुसऱ्या वाक्याकडे पाहत होते. त्याखाली त्यांनी नेहमीची ओळ टंकली आणि 'वरील' या शब्दाकडे त्या प्रथमच टक लावून पाहत राहिल्या. हजारो वेळा टंकलेली ही ओळ स्वतःविषयी अवाक्षर काढत नव्हती. तिची हमी सही देणार, सहीची शिक्का, आणि शिक्क्याची? प्रत्येक खरेपणाला त्याच्या बाहेरचे कुणी लागते. पायऱ्यांवर पायऱ्या, वर नजर पोहोचेना. त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. एवढे अथांग काहीतरी आपल्या बोटांखाली रोज होते.

"आता मानतील ना?"

"कागद आता तुम्हाला आडवा येणार नाही. पण तो खरा आहे, हे त्याच्यावर लिहून भागत नाही."

मेकॅनिकने सही केली आणि तो आत गेला. दार उघडेच होते.

"आज खरं बोलताय कशावरून?" साहेबांचा आवाज आला.

मेकॅनिकने कमरेची व्हॉल्व्हची किल्ली सोडून टेबलावर ठेवली.

"त्या रात्री ही माझ्याकडे होती, साहेब. किल्लीच्या वहीत सही आहे माझी. बघून घ्या."

मग तो दोन पावले मागे सरकला आणि रिकामे हात कुठे ठेवावेत ते न कळून तसाच ताठ उभा राहिला.