उपाशी पट्टा

माणसं खोटं बोलतात, माती बोलत नाही, असं धम्मपाल रोकडे येता-जाता ऐकवायचा, आणि ऐकवताना छाती अशी फुगवायचा की मातीनं त्याला एकट्यालाच कानात सांगितलंय. फुगवू दे की! पिंपरी पेंढारच्या बौद्धवस्तीतला गडी, बाप जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबलेला, आणि पोरगा मातीचा डॉक्टर झालेला. विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात नोकरी. पिकाला काय खायला लागतं, माती त्यातलं किती देते आणि किती हातचं राखते, हे शोधायचं त्याचं काम. पगार नसता मिळाला तरी त्यानं तेच केलं असतं.

१९९३ च्या हिवाळ्यात त्यानं कांद्याचा प्रयोग मांडला. त्याचं म्हणणं असं, की जुन्नर-आंबेगावच्या जमिनीच्या पोटात पोटॅश भरपूर आहे, शेतकरी उगाच वरून ओततात. हे दाखवायचं तर रानाचे दोन पट्टे करायचे. एकाला सगळी खतं, दुसऱ्याला पोटॅश सोडून बाकीची. दुसरा पट्टा पहिल्याच्या बरोबरीनं पिकला तर धम्मपालचं खरं. गाव कसलं गप्प बसतंय! त्या दुसऱ्या पट्ट्याला लगेच नाव पडलं, उपाशी पट्टा.

प्रयोग तीन गावांत होता. एका ठिकाणी गारपीट झाली, दुसऱ्या ठिकाणी विहीर आटली. राहिलं एकच रान, नानासाहेबाचं, गावाबाहेर रस्त्याला लागून. पण त्या एका रानावर धम्मपालचा जेवढा भरवसा होता तेवढा बाकीच्या दोन्हींवर मिळून नव्हता.

कारण नाना म्हणजे बालमित्र. शाळेत एका बाकावर बसलेले. त्या काळात वस्तीतल्या पोराला मराठ्याच्या घरात ओसरीपर्यंतच वाट असायची. नानाच्या आईनं, कोंडाबाईनं, त्याला हाताला धरून चुलीपुढं नानाच्या शेजारी बसवलं होतं आणि एकाच काठवटीतली भाकरी दोघांच्या ताटात टाकली होती. भावकीनं तोंडं वाकडी केली तर म्हातारी म्हणाली, "माज्या घरातनं पोरगं उपाशी जायाचं न्हाई, मग कुनाचंबी असू द्या." तेव्हापासून धम्मपाल त्या घरातून न जेवता कधी उठला नाही. नानाची धाकटी बहीण शकू त्याला राखी बांधायची. असं घर! तिथं शंका कशाला घ्यायची?

लावणीच्या दिवशी त्यानं नानाला बांधावर उभं करून बजावलं होतं. "या पट्ट्यात बाहेरचं काही पडता कामा नये. खत नाही, शेण नाही, चुलीतली राखसुद्धा नाही. राखेत पोटॅश असतो, नाना."

"पडंल कशी राव? मी हाय ना हितं," नाना म्हणाला.

पीक काढणीला आलं आणि काय सांगावं! दोन्ही पट्टे एकसारखे. तोच रंग, तेच वजन. धम्मपाल बांधावर नाचायचा तेवढा बाकी राहिला. साहेब आले, फोटो निघाले, आजूबाजूच्या गावांतून माणसं बघायला आली. जुन्नरच्या मेळाव्यात नानाला शाल-श्रीफळ मिळालं, आणि "प्रगतिशील शेतकरी" अशी पाटी त्यानं दारावर रंगवून घेतली. त्याच उन्हाळ्यात शकूचं लग्न झालं. धम्मपालनं पंगतीत जिलबी वाढली, घसा बसेपर्यंत आग्रह केला.

एक गोष्ट मात्र त्याला खटकली. काढणीनंतर त्यानं उपाशी पट्ट्याची माती तपासली, तर पोटॅश कमी व्हायच्या जागी वाढलेला. आता पिकानं खाल्लं तर माती रिती व्हायला हवी. ही भरली कशी? तो तडक नानाकडे गेला.

"नाना, खरं सांग. या पट्ट्यात काही टाकलंस का? खत, राख, काहीही?"

नानानं वाकून रानातली चिमूटभर माती उचलली आणि कपाळाला लावली. "काळ्या आईची आन. कायबी न्हाई टाकलं."

झालं. माती एक सांगत होती, मित्र दुसरं सांगत होता, आणि माती खोटं बोलत नाही म्हणणाऱ्या या शहाण्यानं मित्राचं ऐकलं. जमीन आपल्या पोटातला पोटॅश हळूहळू वर सोडते, असा अर्थ त्यानं लावला. विभागप्रमुख म्हणाले, "रोकडे, आणखी एक हंगाम घ्या. एकाच रानावर शिफारस करू नका." धम्मपाल म्हणाला, "सर, ते माझ्या भावाचं रान आहे."

शिफारस निघाली. कांद्याला पोटॅशची गरज नाही. आंबेगावकडच्या शेतकऱ्यांनी तर ती डोक्यावरच घेतली. डॉक्टर आपल्या भागातला, आपल्या भाषेत सांगणारा, मग का नाही ऐकायचं? पात शेंड्याला करपली ती कोणी मनावर घेतली नाही, कांदा दिसायला झकास आला, साठवणीच्या चाळीत भरला. आणि पावसाळा अर्ध्यावर आला तसा सडायला लागला. पोटॅश कमी पडलेला कांदा टिकत नाही. चाळीच्या चाळी पाणी सोडू लागल्या, वास रस्त्यापर्यंत यायला लागला.

कळंबला बैठक ठरली. लोक चिडलेले होते, आणि का नसावेत? धम्मपालनं नानाला जीपमध्ये घेतलं. "चल. तुझ्या रानात काय पिकलं ते तुझ्या तोंडानं सांग. बाकी मी बघतो." वाटेत नाना खिडकीबाहेर बघत बसला होता.

बैठकीत कोणीतरी ओरडलं, डॉक्टरनं आकडे घरी बसून बनवले. धम्मपालनं नानाकडे पाहिलं. नाना उठला. धम्मपालच्या जिवात जीव आला.

"मी काय शिकलेला मानूस न्हाई," नाना म्हणाला. "डाक्टरांनी सांगितलं तसं केलं. पन तुमीच सांगा राव, कांदा हा आपला पिढीजात धंदा. त्यांच्या घरात कवा चाळ नव्हती, कवा कांदा नव्हता. मग चुकायचंच की. तुमी मनाला लावून घिऊ नका."

अगदी मायेनं बोलला. लोक हसले. धम्मपाल खुर्चीत बसून राहिला. शिव्या त्यानं आयुष्यात भरपूर पचवल्या होत्या, पण हे हसू कुठं ठेवावं ते त्याला कळेना. परत येताना जीपमध्ये नाना म्हणाला, "लोकान्ला गार करायला तसं बोलावं लागतं राव." आणि धम्मपालनं, काय म्हणावं या माणसाला, त्यावरही मान हलवली.

शिफारस मागं घेतली गेली. चौकशी झाली. आकडे बनवले असं सिद्ध झालं नाही, बनवले नाहीत असंही कोणी लिहिलं नाही. त्याची बदली कोकणात झाली, प्रयोगशाळेत. पुन्हा कोणी त्याच्या हातात प्रयोगाचं रान दिलं नाही. दुसऱ्यांनी पाठवलेल्या पिशव्यांतली माती तपासायची आणि दुसऱ्यांच्या नावानं निकाल लिहायचे. बरोबरीचे वर गेले. हा मात्र रोज संध्याकाळी त्या एकाच पट्ट्याचं गणित मांडायचा. आपण कुठं चुकलो? जमिनीनं पोटॅश आणला कुठून? वर्षानुवर्षं तो जमिनीवर आणि स्वतःवर संशय घेत राहिला. नानावर कधी घेतला नाही.

२००७ साली नानाचा फोन आला. नानाच्या पोरानं लावलेल्या नव्या द्राक्षबागेची पानं कडेनं करपत होती. "तू आल्याबिगर इलाज न्हाई. आईबी आठवन काढतीया." धम्मपाल आला. बागेत फिरला, नानानं मातीची पिशवी भरून ठेवली होती ती पाहिली, मग नाना चहा सांगायला आत गेला आणि तो अंगणात कोंडाबाईजवळ टेकला.

म्हातारी वाकून गेली होती, पण हात चालू होते. सून नको नको म्हणत असताना राखेनं पितळी घासत होती. "धम्मा, जेवूनच जायाचं," ती म्हणाली. "तुज्यासाठी पिठलं टाकलंय." मग हातातली राख बघून बोळक्या तोंडानं हसली. "हिला नावं ठेवू नगं बरं का. हिनंच तुजा उपाशी पट्टा जगवला."

"कसा काय, काकी?"

"आता गं बया! नानानं सांगितलं न्हाई तुला? शकूला बघाया पावणं यायचं व्हतं. सोयरीक लई मोठ्या घरची. रान रस्त्याला, आन् पात शेंड्याकडनं वाळत चाललेली. पावणं म्हनतील, ज्यांच्या रानात दम न्हाई त्यांची पोर काय करायची? तू तवा बाकीच्या दोन गावांत अडकल्याला. मग नानानं आपल्या गुऱ्हाळावरची राख आनली, गाड्या भरून. आमी बायकांनी वाफ्यावाफ्यात पसरली, वरनं पानी दिलं. आन् पात अशी उठली रं! पावणं बघतच ऱ्हायलं." तिनं मान डोलावली. "मला कसं बघवंल? पीक म्हंजी लेकरूच की. लेकराला उपाशी ठिवत्यात व्हय?"

तिच्यावर कसला राग धरायचा? तिनं त्यालाही असंच जेवू घातलं होतं.

नाना चहाचे कप घेऊन दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"आण घेतलीस," धम्मपाल म्हणाला. "माती कपाळाला लावून."

"शकूचं लगीन व्हतं राव..."

"शकूसाठी मी अख्खा प्रयोग मोडला असता! बहीण होती माझी. नुसतं म्हणायचं होतंस, धम्या, अडचण आहे. आणि पात वाळत होती, नाना! म्हणजे जमीन ओरडून सांगत होती की पोटॅश हवाय. माझं चुकलंय हे मला कळलं असतं. त्याच हंगामात कळलं असतं. चूक शोधायचंच तर काम होतं माझं. एकाचाही कांदा सडला नसता."

नानानं कप खाली ठेवले. "नंतर शाल दिली त्यांनी. फोटो छापला. मग कसं सांगायचं? आन् तुजी नोकरी तर ऱ्हायली की."

"कळंबला सांगायचं होतंस."

"तितं लोकांनी फाडून खाल्लं असतं मला."

"मला खाल्लं," धम्मपाल म्हणाला. "आणि तू वाढपी होतास."

नानानं मातीची पिशवी उचलली, कशासाठी ते त्यालाही ठाऊक नसावं, आणि पुढं केली. "एवढं तपासून तरी दे. पोराची बाग जाईल."

धम्मपालनं पिशवी हातात घेतली. सवयीनं चिमूट काढून बोटांत चोळली. माती खरंच चांगली होती. ती तेव्हाही खरं बोलली होती. त्यानं पिशवी घेऊन खांद्याच्या झोळीत टाकली. "निकाल टपालानं येईल," तो म्हणाला. "पोराच्या नावानं पाठवीन. बाग त्याची आहे." मग कोंडाबाईच्या पाया पडला आणि चपला घातल्या.

"आरं, ताट केलंय!" म्हातारी ओरडली. तो थांबला नाही. रस्त्याला लागला आणि त्या रानाकडे न बघता एसटीच्या थांब्याकडे चालू लागला.

कोंडाबाई वाढलेलं ताट हातात घेऊन दारात उभी राहिली. "नाना," ती म्हणाली, "धम्मा आज उपाशी का गेला रं?"