हुंकाराची वाट पाहणारी आजी

मित्रांनो, विद्यापीठाच्या भाषा विभागात, खिडकीजवळच्या टेबलावर झाकण घालून ठेवलेला टेपरेकॉर्डर म्हणजे मीच. नवा होतो तेव्हा माझी बटणं आरशासारखी चमकत. विभागातल्या संशोधक बाई मला खांद्याला लावून डोंगर चढत. बोलणारी माणसं संपत आलेल्या भाषा गोळा करणं, हे त्यांचं काम.

एका डोंगरावर एक आजी राहत होती. तिची भाषा बोलणारं तिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. ती माझ्यासमोर बसून गोष्टी सांगे आणि मध्येच थांबून विचारी, "ऐकतेस ना?" बाई हुंकार देत, मग गोष्ट पुढे सरके. पुढे आजी गेली. त्या फितींचं फार कौतुक झालं, माझेही फोटो निघाले. मग संगणक आले आणि माझ्यावर धूळ साचली.

यंदा विभागाला नवी प्रयोगशाळा मिळाली. जुन्या फिती संगणकात उतरवायचं ठरलं. तंत्रज्ञाने मला वायर जोडली. माझ्यातून आजी स्वच्छ ऐकू येत होती. संगणकात मात्र नुसते बाईंचे हुंकार उतरले. त्याने वायरी बदलल्या, संगणक बदलला. शेवटी हळूच म्हणाला, "बाई, ही आजी यायला तयार नाही."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी आजीच्या नातीला बोलावून घेतलं. शहरात वाढलेली ती, आजीच्या भाषेतला एकही शब्द तिला येत नव्हता.

फीत सुरू झाली. आजी थांबली, "ऐकतेस ना?" म्हणाली. फितीत तिथे बाईंचा हुंकार होता. तो आलाच नाही. फीत फिरत राहिली. शेवटी नातीच्याच तोंडून नकळत हुंकार निघाला.

आजी बोलू लागली. बाई खुर्चीतून उठल्या.

"हे मी कधी टेप केलंच नव्हतं."

"काय म्हणतेय आजी?" नातीने विचारलं.

"म्हणतेय, किती उशीर केलास. बस, पहिल्यापासून सांगते."

आता सगळ्या फिती उतरल्या आहेत. त्यांत हुंकार नातीचा आहे, तिच्या जन्माआधीच्या फितींतसुद्धा. ती रोज येते, ती भाषा शिकते.

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण घरातली म्हातारी माणसं बोलत असताना उठून जाऊ नका. माझ्यामागच्या कपाटात आणखी पुष्कळ फिती आहेत. त्यांत बोलणाऱ्या माणसांच्या घरचं कुणी अजून आलेलं नाही. माझं बटण बंद असतं, तरीही ती माणसं बोलता बोलता थांबलेली मला ऐकू येतात.