न्हामचा वाटा

मित्रांनो, मी एक जुनी कढई आहे. ओतीव लोखंडाची, आणि दोघांनी कान धरल्याशिवाय न हलणारी. व्हिएत बाकच्या जंगलातल्या एका भट्टीत फुटके नांगर आणि उखडलेले रूळ वितळवून मला घडवले. ओतताना हवेचा एक बुडबुडा अडकला आणि एका अंगाला माझी भिंत पातळ राहिली. त्या अंगाचा भात नेहमी आधी करपतो.

माझा स्वयंपाकी दाम हा लाल नदीकाठच्या गावचा. आमची पलटण दिएन बिएन फूच्या डोंगरांत फ्रेंच फौजेला वेढा घालून बसली होती. खाली खोऱ्यात फ्रेंच होते. त्यांच्या बाजूने लढणारे मोरोक्कोचे, अल्जीरियाचे, जर्मन, आणि याच डोंगरांतल्या थाई जमातीचे लोकसुद्धा होते. धूर दिसला की तिकडून तोफगोळा येई. म्हणून दाम चुलीमागे लांब चर खणायचा आणि फांद्या व ओली माती घालून तो झाकायचा. चरातून जाता जाता धूर थंड होई, काजळी मातीला चिकटे, आणि शेवटी बाहेर पडे ते नुसते धुके वाटे.

पलटणीत दामच्याच गावचा एक शिपाई होता, न्हाम. तो माझ्याजवळ येई तो भांडायलाच.

"दाम दादा, आज पण करपवलास! फ्रेंचांकडून पगार घेतोस की काय?"

"खरवड आहे ती, गाढवा. दात नसतील तर पेज देतो."

"दे, दे. खरवडच दे," असे म्हणून तो दोन्ही हातांची ओंजळ पुढे करी.

शेवटच्या टेकडीवरच्या हल्ल्याला निघताना तो म्हणाला, "माझा वाटा ठेव हं."

"ठेवतो. नाहीतर तुझी आई मला गावात पाऊल टाकू देईल होय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तोफा गप्प झाल्या. आम्ही जिंकलो होतो. लोक ओरडत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते. दामने मात्र सगळ्या पलटणीला पुरेल एवढा भात माझ्यात शिजवला. किती जण परतले ते त्याला ठाऊक होते, तरी तांदूळ कमी करायला त्याचा हात धजला नाही. परतलेले जेवले. माझ्यात निम्म्याहून जास्त भात उरला. मेलेल्यांच्या भातात रोवतात तशा दामने त्यावर चॉपस्टिकच्या दोन काड्या उभ्या रोवल्या, उदबत्ती लावली आणि न्हामचे नाव घेतले, मग बाकीच्यांचे.

तेवढ्यात वाटेने कैद्यांची रांग आली. चिखलाने माखलेली माणसे होती. काहींच्या पायांत बूटही नव्हते. माझ्यापाशी येताच त्यांची पावले मंदावली. पहारेकरी म्हणाला, "दादा, भात उरलाय का? ही माणसं कालपासून उपाशी आहेत."

"उरलेला नाही," दाम म्हणाला. "ठेवलेला आहे."

"मग ठेवलेला कुणीतरी खायला नको? मेलेल्यांच्या नावचं अन्न जिवंत भुकेल्याच्या पोटात गेल्याशिवाय त्यांना पोचत नाही. तुमच्या गावात हे पाळत नाहीत का?"

"पाळतात. पण यांच्या पोटात नाही!"

एक कैदी खाली वाकला आणि त्याने दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. दामने त्याच्याकडे पाहिले. मग माझ्या कानाखाली जाड बांबू घालून, त्याला खांदा लावून त्याने मला उलटे केले. पांढराशुभ्र गरम भात चिखलात पडला. रांग पुढे गेली.

लढाई संपल्यावर पलटणीने मला दामला देऊन टाकले. बैलगाडीतून मी त्याच्या गावी गेले. दाम सर्वांत आधी न्हामच्या आईकडे गेला. तिने त्याला चहा दिला आणि विचारले, "जेवून गेला ना रे?"

"जेवून गेला, काकू. खरवडीवरून भांडून गेला."

ती हसली. मग म्हणाली, "आणि नंतर? त्याच्या नावचा भात ठेवलास?"

"ठेवला."

"कुणी खाल्ला?"

दाम खोटे बोलू शकला असता. तो म्हणाला, "कुणीच नाही. शत्रूचे कैदी होते समोर. मी चिखलात ओतला."

म्हातारीने त्याच्या हातातला पेला काढून घेतला. "भुकेलेला माणूस समोर उभा होता," ती म्हणाली, "आणि माझं पोर उपाशी राहिलं."

त्या वर्षीपासून सातव्या महिन्यातल्या पौर्णिमेला दाम माझ्यात पातळ पेज शिजवू लागला. बेवारस आत्म्यांसाठी ती पानाच्या द्रोणांत वाढायची आणि मग गावातल्या पोरांनी झडप घालून ती संपवायची, अशी रीत आहे. पोरे हसत, द्रोण पळवत. म्हातारी जिवंत होती तोवर तीही येई, पण द्रोणाला हात लावत नसे. "हे इतरांचं, माझ्या पोराचं नव्हे," एवढेच म्हणे. दाम मान खाली घालून पेज वाढत राही.

दाम गेला. त्याच्या सुनेने काही वर्षे माझ्यात डुकरांचे खाणे उकळले. मग ॲल्युमिनियमची पातेली आली. आता मी गोठ्यामागे पडून असते. माझ्यात पावसाचे पाणी साचते आणि पातळ अंगाला गंज चढतो.

मित्रांनो, गंजाचे मला फारसे वाईट वाटत नाही. लोखंड आहे, त्याचे तसेच व्हायचे. पण तुमच्यापैकी कुणाला कधी रिकामा वेळ मिळाला, तर मला घासा आणि तीन दगडांवर चढवा. खूप भात शिजवा. आणि जो कुणी वाटेने येईल, त्याला आधी वाढा. तो कुणाच्या बाजूने लढला ते त्याचे पोट भरल्यावर विचारा.