तीनदा काढलेली रेघ

आश्विनातले तुडुंब धरण. काठोकाठ निळे, डोंगरांच्या ओंजळीत निजलेले, शरदाच्या कोवळ्या किरणांनी झळाळणारे. त्या अथांग निळाईखाली एक बुडालेले गाव आहे, आणि गावातून जाणारी एक जुनी वाट. वैशाखात जळ आटते, वाट उन्हात येते. दोन महिन्यांनी पुन्हा पाण्यात जाते.

सांगलीच्या चारुलता केतकरांना यातले काहीच ठाऊक नव्हते. चाळीस वर्षे कचेरीत नकाशे काढून त्या निवृत्त झाल्या आणि आता इंटरनेटवरच्या, लोकांनी लोकांसाठी मांडलेल्या नकाशात हौसेने रेघा भरू लागल्या. त्यांच्यापुढचे उपग्रहाचे छायाचित्र भर वैशाखातले होते. तडकलेल्या, तपकिरी, तृषार्त तळावरून जाणारा शुभ्र, सरळ, सुरेख रस्ता! त्यांनी तो काढला.

कुणीतरी पुसला. त्यांनी पुन्हा काढला. पुन्हा पुसला. पुसणाऱ्याचे नाव एकच, झोरे. कारण काहीच दिलेले नाही. विचारता आले असते. पण चाळीस वर्षे नकाशे काढलेल्या माणसाला विचारायची सवय नसते. त्यांनी तिसऱ्यांदा रेघ काढली आणि वर 'पक्का रस्ता' असा शेराही ठोकून दिला.

चार दिवसांनी, दुपारी, त्याच नकाशावरून निरोप आला.

"ताई, मी यशवंत झोरे, धरणाच्या पल्याडचा. ती वाट पाण्याखाली हाय. आज माझ्या लेकीला बघाय पाव्हणं निघाल्यात, ह्योच नकाशा लावून. त्यांचा फोन लागंना. त्यास्नी अडवाय मी होडी घालतोय पाण्यात."

त्यांनी तत्क्षणी रेघ पुसली. पण फोनात एकदा उतरवलेला नकाशा जुनाच राहतो, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक? तीव्र उतार, उतारावर वळण, वळणाआड पाणी.

त्या बसल्या. उठल्या. चहा ठेवला, उतू गेला. पुन्हा बसल्या. खिडकीतले ऊन पिवळे झाले, केशरी झाले, विटकरी झाले. कुठे असेल गाडी? उतारावर? वळणावर? आयुष्यभर ज्या हाताचा अभिमान बाळगला, त्या हाताची त्यांना भीती वाटू लागली.

तिन्हीसांजेला फोन थरथरला.

"थांबली गाडी. म्होरली चाकं भिजली, मानसं कोरडी हायत. ही रेघ कुनी काढली म्हून पाव्हणं लई तापलं व्हतं. म्या नाव सांगितलं न्हाई."

चारुलताबाई ढसाढसा रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी नकाशाच्या त्या जागी टीप लिहिली, जगात कुणालाही वाचता येईल अशी: 'येथे पाणी आहे. रस्ता तीनदा चुकीचा काढला तो मी, चारुलता केतकर.'

खोलीत अजून दिवा लावलेला नव्हता. काळोखात पडद्याचा उजेड होता, उजेडात ते नाव होते, आणि नावाखाली एकही रेघ नव्हती.