आट्यांचा दिवा

नरहरीच्या घरात विजेचा एकच दिवा, आणि नेमका लेकीला, सुलूला बघायला मंडळी येणार त्याच दिवशी तो गेला. मुलाच्या आईचा, मनोरच्या रत्नाबाईंचा निरोप स्पष्ट होता: मुलगी दिवेलागणीला, विजेच्या उजेडात बघणार, आणि दिवा स्वतःचा हवा, उसना चालणार नाही. थोरली सून त्यांनी कंदिलाच्या उजेडात पसंत केली होती आणि लग्नात ओळखलीच नव्हती.

नरहरी बल्ब काढून बोईसरला शांतारामच्या दुकानात गेला.

"हा आट्यांचा हाय," शांताराम म्हणाला. "आपल्याकडं सगळे पिनेचे. कुठनं आणलास?"

"तारापूरला परदेशी साहेबांचं सामान विकलं, त्यातला."

पिनेचा बल्ब दाबून अडकवायचा असतो. आट्यांचा बाटलीच्या झाकणासारखा फिरवत बसवायचा. एकाच्या जागी दुसरा काही केल्या बसत नाही.

"माळ्यावर असंल एखादा," शांताराम म्हणाला. "पण आटे जुळायला हवेत. होल्डरसकट पुरा नमुना आण."

नमुन्याशिवाय वस्तू घ्यायची नाही, ही वाडीची रीतच होती. नांगराचा फाळसुद्धा जुना दाखवूनच नवा आणायचे. घरी येऊन नरहरीने मेन स्विच आठवणीने बंद केला आणि होल्डर ओढला. होल्डर हलेना. तो दांडीत, दांडी वाशात. मग त्याने वासाच उपटला. त्याबरोबर निम्मी कौलं खाली आली.

"अवो, दिवा आणताय का घर मोडताय?" बायको प्रेमला ओरडली.

"नमुना नेतोय. दुसरं टोक धर."

उघड्या घरात बसून काय करणार? नव्या लुगड्यातली सुलूही वासा धरून बैलगाडीत बसली.

दुकानात वासा दोन कपाटांवर आडवा ठेवला. शांतारामने माळ्यावरची खोकी उपसली. कुठला बल्ब सैल, कुठला घट्ट. अखेर एक फिरत फिरत आत गेला. वायर जोडली, बटण दाबलं, लख्ख उजेड पडला. सगळ्यांनी हात जोडले. दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनीही.

"चला, आता घरी," नरहरी म्हणाला. तेवढ्यात समोर मनोरची एसटी थांबली आणि रत्नाबाई उतरल्या.

नरहरी धावत रस्त्यात गेला. "या, या! दिवा इकडं हाय!"

रत्नाबाई स्टुलावर बसल्या. वर दिवा पाहिला, खाली सुलूला निरखलं. मग कपाटांकडे बघत म्हणाल्या, "घर बरं हाय. पण एवढे बल्ब कशाला?"

नरहरीने घाईघाईने एक खोकं पायाने मागं सारलं.

"घर नाय हे, दुकान हाय," सुलू म्हणाली. "आमच्या घराचा वासा तेवढा इथं हाय."

रत्नाबाईंनी वाशावर दोनदा थाप मारली. "सागाचा दिसतो."

"सागाचाच."

"मग पोरगी पसंत. नारळ आणा."

एवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं. "शेठ, साठचा बल्ब हाय का?"

"हळू बोल," शांताराम कुजबुजला. "आमच्याकडं बोलणी चाललीत."