शकुबाईचा चढ

हिंगणीपलीकडची ती टेकडी डोळ्यांना उभी दिसे आणि फोटोत आडवी लोळे. रूपराव फोटोवाल्यानं वर्ध्याहून येऊन तिचा पहिला फोटो काढला, तर वाटावं, कोणी गोधडी वाळत टाकली आहे. गावानं पायऱ्यांच्या अर्जाला तो जोडला, आणि कचेरीतले साहेब हसले. म्हणाले, "या उंचवट्याला पायऱ्या कशाला हव्यात?"

हव्या होत्या, कारण गाव वर आणि झरा खाली. मागच्या उन्हाळ्यात लहानूची बायको शकुबाई डोक्यावरच्या पाण्यानं भरलेल्या पितळी गुंडासकट त्या चढावरून कोसळली. गुंड ठोकून सरळ करता आला. शकुबाई नाही.

रूपराव पुन्हा आला तो फोटोच्या दोनच काचेच्या प्लेटा घेऊन. "चढावर माणसं उभी करा, म्हणजे उंची कळेल," म्हणाला. गाव उभं राहिलं, पण लग्नातल्या फोटोसारखं: उंच गडी खाली, पोरंसोरं वर, सगळ्यांची डोकी एका रेषेत. रूपरावनंही दुकानच्या सवयीनं भिंगाची टोपी काढली, लावली, आणि मग जीभ चावली. डोकी सपाट, तर टेकडीही सपाट, आणि एक प्लेट वाया!

"हे दुसरी बी अशीच घालवजो," म्हातारे नानाजी म्हणाले, "म्हणजे सुटलो आम्ही!"

मग सगळ्यांना हाकलून गावातल्या एकट्या रुख्मिणीला भरला गुंड देऊन चढावर धाडलं. ती बिचारी गुडघ्यात वाकून चढू लागली. रूपरावनं काळ्या फडक्यात डोकं घातलं. कॅमेऱ्याच्या काचेवर जग उलटंच दिसतं, त्याची त्याला सवय. पण काचेवर बाया दोन होत्या. एक वाकलेली. दुसरी तिच्या जरा वर, जिथं बकरीही तोल सांभाळते तिथं, गवंड्याच्या ओळंब्यासारखी ताठ. तिच्या त्या ताठपणाशेजारी टेकडी अशी उभी राहिली, की रूपरावला घेरी आली.

"ओ वरच्या बाई, बाजूला व्हा!" म्हणत तो बाहेर आला. चढावर रुख्मिणी एकटीच.

"कोणाले बोलून राह्यले, भाऊ?" लहानूनं विचारलं.

"डोक्यावर गुंड घेतलेली... डाव्या हातानं धरलाय."

लहानू टेकडीकडे वळला. मग हळूच म्हणाला, "डावरीच होती थे. काढा फोटो. तिले लय येळ उभी नोका ठेवू."

रूपरावनं उरलेली प्लेट बसवली आणि भिंगाची टोपी काढली.

कचेरीत साहेबांनी फोटो हातात घेतला आणि दुसऱ्या हातानं टेबलाची कड धरली. "अरे बाप रे! हा चढ आहे की भिंत?" मग जवळ नेऊन पाहिलं. "ही ताठ बाई कोण? हिला वर पोचायला किती वेळ लागला?"

"अजून पोचली नाई, साहेब," रूपराव म्हणाला.

पायऱ्या त्याच दुपारी मंजूर झाल्या. फोटो मात्र साहेबांनी कचेरीत ठेवून घेतला नाही.